झेंडा नंतर बघा, आधी खातेवही बघा: ‘फॉलआउट: न्यू वेगास’मधले चार पक्ष आणि आपला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका प्रश्नावर बोललो: समोरच्या पार्टीचा हेतू कसा ओळखायचा? नवा भागीदार, एजन्सी देणारी कंपनी, मोठा सप्लायर, सगळेच गोड बोलतात. मग खरं काय ते कशावरून ठरवायचं? व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून त्यातलं एक उदाहरण इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण व्हिडिओ गेमचं आहे, पण लगेच पान बंद करू नका. हा गेम येऊन पंधरा वर्षं होऊन गेली, तरी जगभरातले चाहते त्यातल्या पक्षांच्या हेतूंवरून आजही हमरीतुमरीवर येतात. त्या भांडणात आपल्यासारख्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला शिकण्यासारखं भरपूर आहे.

एक सूचना आधीच देतो. पुढे गेमची गोष्ट उघड होणार आहे. ज्यांना स्वतः खेळायचं आहे त्यांनी खेळून या.

गोष्ट थोडक्यात

गेमचं नाव ‘फॉलआउट: न्यू वेगास’. ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या कंपनीने तो सुमारे दीड वर्षात बनवला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तो बाजारात आला. फॉलआउटच्या जगात २३ ऑक्टोबर २०७७ ला अणुयुद्ध होतं आणि काही तासांत जग बेचिराख होतं. न्यू वेगासची गोष्ट घडते २२८१ मध्ये, म्हणजे युद्धानंतर दोनशे वर्षांनी, अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात. तिथे हूवर धरण अजून उभं आहे. धरण म्हणजे वीज आणि पाणी. वाळवंटात ज्याच्या हातात वीज आणि पाणी, त्याच्या हातात सगळं.

या धरणावर तिघांचा डोळा आहे.

पहिला पक्ष न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक, म्हणजे एनसीआर. निवडणुका, कायदे, कर, सैन्य, नोकरशाही असलेलं प्रजासत्ताक. १९९७ च्या पहिल्या फॉलआउटमध्ये जे शेडी सँड्स नावाचं छोटंसं गाव होतं, त्याच गावातून हे राष्ट्र उभं राहिलं.

दुसरी सीझरची लीजन. एडवर्ड सॅलो नावाच्या एका शिकलेल्या माणसाने प्राचीन रोमची पुस्तकं वाचून उभी केलेली गुलामगिरीची फौज. तिने ८६ टोळ्या जिंकून आपल्यात विरघळवल्या आहेत.

तिसरा मिस्टर हाऊस. युद्धाआधीचा उद्योगपती, रॉबको इंडस्ट्रीजचा संस्थापक. वय २६१. एका बंद यंत्रात शरीर जिवंत ठेवून तो रोबोटांच्या फौजेच्या जोरावर वेगासचा झगमगता रस्ता, म्हणजे ‘स्ट्रिप’, चालवतो.

चौथा रस्ताही आहे. येस मॅन नावाचा, कोणालाही नाही म्हणू न शकणारा एक रोबोट हाताशी धरून तिघांनाही हाकलायचं आणि वेगास स्वतंत्र ठेवायचं.

तुम्ही कोण? तुम्ही एक कुरिअर. पार्सल पोचवणारा साधा माणूस. पार्सलमध्ये असते प्लॅटिनम चिप, आणि तिच्यासाठी तुम्हाला गोळी घातली जाते. वाचल्यानंतर कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे तुम्ही ठरवायचं.

चाहते कशावरून भांडतात

‘यातला चांगला कोण?’ एवढाच प्रश्न असता तर वाद कधीच संपला असता. पण गेम लिहिणाऱ्यांनी प्रत्येक पक्षाच्या तोंडी पटेल असा युक्तिवाद दिला आहे. त्यामुळे चाहत्यांचे गट पडलेत. एक गट म्हणतो, एनसीआरच बरं, निदान लोकशाही आहे. दुसरा म्हणतो, ती जुन्या अमेरिकेचीच नक्कल, त्याच चुका पुन्हा करणार. तिसरा गट म्हणतो, लीजन क्रूर आहे खरी, पण तिच्या मुलखात दरोडेखोर नाहीत. आणि एक मोठा गट, ज्यात धंदा आणि टेक्नॉलॉजी आवडणारी मंडळी जास्त दिसतात, म्हणतो की एकटा हाऊसच शहाणा. त्याच्याकडे प्लॅन आहे, बाकीच्यांकडे नुसती घोषणा.

सगळ्याच गटांची एक सवय मला खटकते. ते पक्षाचा हेतू त्याच्या भाषणातून काढतात. सीझर हेगेलचं तत्त्वज्ञान सांगतो, म्हणून सीझरचा हेतू तात्त्विक. हाऊस म्हणतो, पन्नास वर्षांत माणूस पुन्हा अंतराळात नेईन आणि शंभर वर्षांत दुसऱ्या ग्रहांकडे जहाजं पाठवीन, म्हणून हाऊसचा हेतू मानवजातीचं भलं. एनसीआरच्या झेंड्यावर प्रजासत्ताक लिहिलंय, म्हणून हेतू स्वातंत्र्य.

आपण धंदेवाईक माणसं. एखादी कंपनी माहितीपत्रकात काय लिहिते त्यावर आपण माल उचलतो का? तिची उधारीची पद्धत बघतो, माल परत घेते का ते बघतो, तिच्या जुन्या डीलरला फोन लावतो. तीच रीत इथे लावा. मी तीन प्रश्न काढलेत.

पहिला प्रश्न: हे चालतं कशावर?

आधी नाणं बघा. नाणं म्हणजे पत.

मोहावीत रोजचा व्यवहार बाटलीच्या बुचांवर चालतो. त्यांना कॅप्स म्हणतात. हसू नका, या बुचांच्या मागे हब नावाच्या व्यापारी शहराचं पाणी तारण आहे. एनसीआरच्या डॉलरमागे पूर्वी सोनं होतं. ब्रदरहूड ऑफ स्टील या पक्षाशी झालेल्या युद्धात तो सोन्याचा साठा गेला आणि डॉलर नुसता कागद उरला. गेममध्ये एनसीआरची शंभराची नोट द्या, ४० कॅप्स मिळतात. आणि लीजनचं चलन? चांदीचा एक दिनार ४ कॅप्सना जातो, सोन्याचा ऑरियस १०० कॅप्सना.

म्हणजे लोकशाहीच्या नोटेला कोणी पूर्ण भाव देत नाही आणि गुलाम ठेवणाऱ्या फौजेचं नाणं खणखणीत! बरेच चाहते इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, लीजन मजबूत. पण थांबायचं नसतं, पुढचं पान उलटायचं असतं. हे सोनं-चांदी कुठून आलं? लीजन स्वतः काय पिकवते, काय विकते? गेममध्ये दिसतं ते एवढंच की टोळी जिंकायची, तरुण सैन्यात घ्यायचे, बाकीचे गुलाम करायचे आणि पुढच्या टोळीकडे वळायचं. पुढची टोळी आहे तोवर हे चक्र फिरतं. आपल्याकडे साखळी योजना कशा चालतात ते तुम्ही पाहिलंय. नव्या मेंबरच्या पैशातून जुन्याचं कमिशन. मेंबर संपले की ऑफिसला कुलूप. सीझरला स्वतःला हे कळतं. म्हणूनच त्याला वेगास हवंय. नुसत्या फौजेचं कायमचं राज्य करायचं तर राजधानी लागते, नागरिक लागतात, बसून खाता येईल असं उत्पन्न लागतं. त्याचं हेगेल बाजूला ठेवा आणि त्याची गरज वाचा. धरणावर तो का येतोय ते लगेच समजतं.

आता एनसीआर. त्याचा आजार वेगळा आहे. पसारा मोठा, पुरवठा अपुरा. सीमेवरच्या छावण्यांत औषधं नाहीत, सैनिक कंटाळलेले, शेतकऱ्यांना पुरेसं पाणी नाही. एनसीआरचाच एक शास्त्रज्ञ सांगतो की येत्या दहाएक वर्षांत देशात उपासमार होणार. मोठमोठ्या गुरांच्या मालकांचा सरकारवर वजन आहे ते वेगळंच. मग एनसीआर धरणावर का आहे? वीज आणि पाणी घरी न्यायला. स्वातंत्र्याचा झेंडा खोटा आहे असं नाही, पण त्याच्याखाली पाण्याची तहान आहे. पहिलं दुकान नीट बसायच्या आत तीन शाखा उघडणारा मालक आठवा. त्याचा हेतू वाईट नसतो. पण तिसऱ्या शाखेचं भाडं पहिल्या दुकानाच्या गल्ल्यातून जायला लागलं की त्याचे निर्णय भाडं घेतं, तो घेत नाही.

आणि हाऊस? हाऊसचा गल्ला भरतो कोण? एनसीआरचे सैनिक आणि प्रवासी! ते जुगार खेळायला येतात म्हणून स्ट्रिपचे दिवे लागतात. २२७४ मध्ये हाऊसने एनसीआरशी करार केला. धरण आणि त्याची बहुतांश वीज एनसीआरकडे, स्ट्रिप हाऊसकडे. त्याचा डाव नीट बघा. एनसीआरचं सैन्य जावं, पण एनसीआरचं गिऱ्हाईक राहावं. चाहते त्याला स्वयंभू उद्योगपती समजतात. खातेवहीत मात्र तो एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर जगणारा पुरवठादार दिसतो. तो हुशार आहे यात वाद नाही. पण त्याचं स्वातंत्र्य शत्रूच्या खिशावर उभं आहे, आणि हे त्याच्या भक्तांपेक्षा त्याला जास्त कळतं.

दुसरा प्रश्न: हा माणूस उद्या नसेल तर?

सीझरच्या डोक्यात गाठ आहे. आधुनिक औषधांना लीजनमध्ये बंदी, पण सीझरच्या तंबूत जुन्या जगातलं ऑपरेशन करणारं यंत्र लपवलेलं आहे. नादुरुस्त, पण आहे. नियम सगळ्यांना, सूट मालकाला. हे एक यंत्र त्याच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त बोलतं. आणि तो गेला तर? पुढे लॅनियस. युद्धात भयंकर, राज्य चालवण्याचा विचार शून्य. तीस वर्षांहून जास्त काळ राबून उभी केलेली संस्था आणि दुसऱ्या नंबरच्या खुर्चीत असा माणूस, ज्याला धंदा काय आहे हेच माहीत नाही.

हाऊसची तर गोष्टच न्यारी. त्याने उत्तराधिकाऱ्याचा प्रश्न असा सोडवला की मरायचंच नाही. युद्ध होणार हे त्याने आधीच ताडलं होतं. वेगासवर ७७ अणुबॉम्ब येत होते, त्यातले ६८ त्याने अडवले. पण ज्या चिपमुळे त्याची यंत्रणा पूर्ण ताकदीने चालली असती, ती पोचायच्या २० तास आधी बॉम्ब पडले. जुन्या सॉफ्टवेअरवर सगळा भार आला, यंत्रणा कोलमडली आणि तो अनेक वर्षं बेशुद्ध पडून राहिला. शहराची दुसरी कोणीही व्यवस्था नव्हती. त्याच्याएवढा हिशोबी माणूस, अंदाज फक्त २० तासांनी चुकला, आणि त्या चुकीची भरपाई करायला दुसरा हात नव्हता.

यातून तो काय शिकला? दोनशे वर्षांनीही तेच. एकच मेंदू, एकच खोली, एकच चिप. ती चिप शोधायला त्याने आठ लाखांहून जास्त कॅप्स खर्च केले. मग ती आणायला सहा कुरिअर नेमले, पाच जणांच्या हातात फालतू माल, एकाकडे खरी चिप. युक्ती चांगली होती. पण घरातलाच माणूस फिरला. बेनी, हाऊसनेच वर आणलेला कॅसिनो मालक, त्यानेच चिप पळवली. का? कारण हाऊसच्या धंद्यात बेनीला वर चढायला जागाच नव्हती. मालक कधी मरणार नाही, निवृत्त होणार नाही, भागीदारी देणार नाही. अशा ठिकाणी हुशार माणसाकडे दोनच रस्ते उरतात, गप्प बसणं किंवा दगा. बेनीला दगाबाज म्हणा, तो आहेच. पण त्याला तयार केलं कोणी, हेही विचारा.

एनसीआरच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. टँडी नावाची त्यांची राष्ट्राध्यक्ष अनेक दशकं खुर्चीत होती. बापानंतर मुलगी, म्हणजे ही राजेशाहीच झाली, असा टोमणा सीझर मारतो, आणि तो अगदीच खोटा नाही. पण टँडी वारली आणि एनसीआर टिकलं. पुढचे अध्यक्ष तिच्याएवढे नव्हते, कारभार ढिला झाला, तरी खुर्ची पुढे सरकली. तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर दुकान उघडतं का? या एका प्रश्नावर एनसीआर पास होतं, बाकीचे दोघे नापास.

तिसरा प्रश्न: नाही म्हणणाऱ्याचं काय होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि चाहत्यांच्या वादात तो सगळ्यात कमी येतो.

लीजनचं उत्तर निप्टन गावात दिसतं. तिथे लॉटरी काढून माणसं मारली, वधस्तंभावर टांगली, एकाला ‘बक्षीस’ म्हणून सोडलं. विषय संपला.

हाऊस वधस्तंभ उभारत नाही, तो गेट उभारतो. स्ट्रिपच्या गेटवर २,००० कॅप्स दाखवा, नाहीतर बाहेर. गेटच्या अलीकडे फ्रीसाइड, जिथे भुकेली माणसं गल्लीत पडलेली आहेत आणि जुन्या किल्ल्यात फॉलोअर्स ऑफ द अपोकॅलिप्स नावाची डॉक्टर-शिक्षक मंडळी अपुऱ्या औषधांवर दवाखाना चालवतायत. हाऊसच्या हिशोबात फ्रीसाइड नाहीच. त्याच्या बाजूने खेळताना तो तुम्हाला ब्रदरहूड ऑफ स्टीलला संपवायला सांगतो. बोलणी करून बघतो म्हणालात तर चालत नाही. हो किंवा नाही, एवढंच. एनसीआरच्या बाजूने खेळताना त्याच ब्रदरहूडशी तह घडवून आणता येतो. ज्यांनी आपलं सोनं बुडवलं त्यांच्याशी तह! हा फरक छोटा नाही.

एनसीआरमध्ये नाही म्हणणारी माणसं जागोजागी भेटतात. त्यातला एक तर थेट वर बसलाय. हॅनलन, रेंजर्सचा प्रमुख. २२७७ ची धरणावरची पहिली लढाई त्याच्या डावपेचांमुळे जिंकली गेली. आता म्हातारा झालाय, आणि गुपचूप गुप्त अहवाल बदलतोय. कशासाठी? सैन्याचा धीर सुटावा, सरकारने मोहावी सोडावं, आपल्या पोरांचा जीव वाचावा. हॅनलन देशद्रोही की देशभक्त, यावर चाहते वर्षानुवर्षं वाद घालतायत. मी त्याच्याकडे मालकाच्या नजरेने बघतो. माझा सगळ्यात अनुभवी माणूस मला खोटे रिपोर्ट देतोय, कारण खरं बोलून उपयोग नाही हे त्याला अनुभवाने कळलंय. चूक त्याची आहेच. पण वर बसलेल्याने वाईट बातमी ऐकायचं बंद केलं की खालून येणारा कागद खोटाच येतो. तुमच्या गोडाऊनचा स्टॉक रिपोर्ट नेहमी ‘सगळं ठीक’ येत असेल, तर एकदा स्वतः जाऊन पोती मोजा.

येस मॅन या प्रश्नाचं गंमतशीर टोक आहे. त्याला नाही म्हणताच येत नाही. बेनीने त्याला फितवला, तर त्याने बेनीचा सगळा प्लॅन हसत हसत तुम्हालाही सांगून टाकला. सगळ्यांना हो म्हणणारा माणूस कोणाचाच नसतो. आपल्या आजूबाजूला असे ‘हो सर’ म्हणणारे ठेवून स्वातंत्र्य मिळवलं असं वाटत असेल, तर जरा विचार करा.

जे दाखवलंच नाही, त्याचं काय?

आता चाहत्यांच्या एका सवयीबद्दल. रिकामी जागा दिसली की ती आपल्या आवडीने भरायची.

लीजनचे रस्ते सुरक्षित आहेत, असं गेममधले काही व्यापारी सांगतात. पण लीजनचा मुलूख खेळाडूला दिसतच नाही. गेमचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी सांगितलंय की नदीपलीकडचा लीजनचा भाग दाखवायचा विचार होता, वेळेअभावी तो कापावा लागला. मग त्या न दिसलेल्या मुलखात काही चाहत्यांनी शांत बाजारपेठा आणि सुखी शेतकरी कल्पिले. व्यापाऱ्याचं म्हणणं खोटं नसेल. पण ते व्यापाऱ्याचं म्हणणं आहे, गुलामाचं नाही. एखाद्या कंपनीबद्दल तिच्या सगळ्यात मोठ्या डीलरला विचाराल तर तो चांगलंच सांगणार. बंद पडलेल्या डीलरलाही विचारा.

येस मॅनचंही तसंच. शेवटी तो म्हणतो की मी स्वतःत बदल करून जरा ठाम होणार आहे. झालं! आता हा रोबोट कुरिअरला बाजूला सारून स्वतः राजा होणार, असा अर्थ असंख्य चाहत्यांनी लावला. सॉयर यांनी खुलासा केला की त्याचा अर्थ एवढाच, यापुढे तो कोणाही सोम्यागोम्याचं न ऐकता फक्त कुरिअरचं ऐकेल. तरी वाद थांबला नाही. कारण लोकांना जे आधीच वाटत होतं त्याला ते एक वाक्य पुरावा म्हणून हवं होतं.

आणि एक किस्सा आपल्या देशाचा. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘फॉलआउट ३’ची एक्सबॉक्स आवृत्ती भारतात आणायची नाही असं ठरवलं. कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं, तपशील दिला नाही. फॉलआउटच्या जगात किरणोत्सर्गामुळे दोन डोकी आलेल्या गाईंना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, तेव्हा कारण तेच असणार, असा अंदाज लोकांनी बांधला. अंदाज पटण्यासारखा आहे. तरी तो अंदाजच. कंपनीने केलेली कृती आणि आपण तिला चिकटवलेलं कारण, या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहायच्या असतात. समोरच्या दुकानदाराने भाव पाडला ही कृती. ‘मला संपवायला पाडला’ हे तुमचं कारण. कदाचित त्याचा माल खराब होत आला असेल.

‘अहो, पण हा तर नुसता गेम आहे’

बरोबर. लिहिणाऱ्यांनी जसं लिहिलं तसं ते वागतात, हेही बरोबर. पण आपण कोणाच्या बाजूने झुकतो ते मात्र लिहिणाऱ्याने ठरवलेलं नसतं. ते आपलं असतं. गेममध्ये हाऊस आवडणारा तरुण उद्या मालक झाला की कसा वागेल, याचा थोडा अंदाज मला त्या आवडीतून येतो. म्हणून हा विषय मला हलका वाटत नाही.

आमच्या ट्रेनिंगच्या क्षेत्रात हाऊसची पूजा फार होते. नाव वेगळं असतं, मूर्ती तीच. एकटा, दूरदृष्टीचा, भावनेत न अडकणारा, सगळं स्वतःच्या हातात ठेवणारा. मी याच्या विरुद्ध आहे, आणि स्पष्ट सांगतो. मला या चौघांतून निवडायचं झालं तर मी एनसीआर निवडेन. ते चांगलं चालतंय म्हणून नाही. ते वाईटच चालतंय. बिटर स्प्रिंग्जला त्यांच्या सैन्याने ग्रेट खान टोळीच्या बायका-मुलांवर गोळ्या झाडल्या, हेही मी विसरत नाही. तरीही एनसीआर ही एकमेव जागा आहे जिथे खुर्चीवरचा माणूस बदलू शकतो, शत्रूशी तह होऊ शकतो, आणि सैनिक आपल्या तोंडाने ‘हे चुकतंय’ म्हणू शकतो. हॅनलनला खोट्याचा आधार घ्यावा लागला ही एनसीआरची लाज आहे. पण लीजनमध्ये हॅनलन दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर असता, आणि हाऊसकडे हॅनलन नसताच, कारण तिथे रिपोर्ट देणारे सगळे रोबोट आहेत.

एका माणसावर उत्तम चालणाऱ्या धंद्यापेक्षा, चार माणसांत धडपडत चालणारा पण दुरुस्त होऊ शकणारा धंदा मी कधीही जास्त मोलाचा समजेन. पहिला त्या माणसाबरोबर जातो. दुसरा पोराबाळांना, कामगारांना, गिऱ्हाइकांना पुरतो.

हाऊसच्या चाहत्यांनी म्हणावं की त्याने ६८ बॉम्ब अडवले, तुमच्या एनसीआरने काय अडवलं? मान्य. संकटात एकहाती निर्णय कामी येतो, मी नाकारत नाही. पण बॉम्ब पडून दोनशे वर्षं झाली. संकटाच्या दिवशीचे अधिकार संकट गेल्यावरही जो परत करत नाही, त्याचा हेतू मी त्याच्या पराक्रमावरून ठरवत नाही. त्याने काय सोडायला नकार दिला, त्यावरून ठरवतो.

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या. ज्या पार्टीबरोबर तुमचा सगळ्यात मोठा व्यवहार आहे तिचं नाव वर लिहा. खाली तीन ओळी:

१. ही पार्टी चालते कशावर? तिचा पैसा नक्की कुठून येतो, आणि तो झरा आटला तर ती कोणाकडून वसूल करेल?

२. तिथला मुख्य माणूस उद्या नसेल तर माझा व्यवहार कोणाशी? नाव लिहिता आलं पाहिजे.

३. तिला आजवर ‘नाही’ कोणी म्हटलं? त्याचं पुढे काय झालं? त्याला फोन करा.

हे झालं की पान उलटा, वर स्वतःच्या दुकानाचं नाव लिहा आणि त्याच तीन ओळी पुन्हा भरा. दुसरं पान भरायला जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगतो. तिसऱ्या ओळीवर पेन अडला तर कामावरच्या सगळ्यात जुन्या माणसाला चहाला बोलवा आणि विचारा, ‘मला न सांगितलेली एखादी गोष्ट आहे का?’ मग मात्र मध्ये बोलू नका. ऐका.

ज्यांनी न्यू वेगास खेळलाय त्यांनी कोणाची बाजू घेतली ते खाली जरूर लिहा. भाषणावरून नको, खातेवहीवरून पटवून द्या. हाऊसवाल्यांचं विशेष स्वागत आहे.

पुढच्या व्हिडिओत भेटू. धंदा जपा, माणसं जपा.